राहिलेला तिसरा कप

अंबड,
४ मे

चि. शीतल हिस,

चि. लिहिलं की पुढे सौ. लिहायला हात आपोआप वळतो. वळला, मग मी ते खोडलं. खोडलेलं तुला दिसेलच. दुसरं पान घेणार होतो, पण त्या पानावरही हात तसाच वळला असता.

फोनवर मला बोलता येत नाही. इकडचं बोलणं इथिओपियात पोचायला वेळ लागतो, मग आपण दोघं एकदम बोलतो आणि दोघं एकदम गप्प होतो. दीड वर्ष हेच चाललंय. म्हणून लिहितो. अर्पिता इकडे आली की पानांचे फोटो काढून तुला पाठवील. तिला बजावलंय, फोटो काढ, वाचू नकोस. ती वाचणारच. तुझी नणंद आहे, दुसरं काय करील.

तुझं पार्सल पोचलं. ते घेऊन आलेला संभाजीनगरचा माणूस सज्जन दिसला, पाणीसुद्धा न पिता गेला. पिशवीत कॉफीच्या कच्च्या बिया आणि तुझी एका ओळीची चिठ्ठी, "ही कल्याणच्या झाडांची, यंदाची." तुझ्या सासूनं, आमच्या द्वारकानं, ती पिशवी देवघरात नेऊन ठेवली. मी म्हणालो, देवाला चहा चालत नाही तिथं कॉफी कुठून चालेल?

तुम्ही दोघं तिकडे गेलात त्या वर्षी अशाच बिया पाठवल्या होत्या, आठवतं? द्वारकानं त्या रात्रभर भिजवल्या, कुकरला लावल्या, आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी शिजेनात म्हणून पाण्यात सोडा टाकला. कल्याणला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसता हसता खोकायला लागला होता. तो खोकला अजून माझ्या कानात आहे.

तर, मुद्द्याचं. कॉफी पाठवू नकोस. तिच्यावर माझा राग आहे. तिच्यापायी माझा पोरगा, कल्याण, डोंगरातल्या रस्त्यावरून गाडीसकट खाली गेला. आणि तिच्यापायीच तू आली नाहीस. तोडणीचा हंगाम आहे, फळ धुवायचं राहील, असं तू मला सांगितलंस. तिथंच त्याला अग्नी दिलास, तोही स्वतः. त्याबद्दल मी बोललो नाही, बोलणार नाही. पण अस्थी कुठं आहेत? शहागडला गोदावरी वाहते, आपल्या घरातले सगळे तिथंच गेले. द्वारका म्हणते, पोरगं अधांतरी राहिलंय. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण ती रोज म्हणते आणि मला रोज ऐकावं लागतं.

कॉफी नको. अस्थी पाठव.

काकासाहेब


अंबड,
८ जून

चि. शीतल हिस,

तुझं उत्तर आलं. लांबलचक आहे, आणि त्यात अस्थींचं एक अक्षर नाही. कल्याण लहानपणी असाच करायचा. गणिताचे मार्क विचारले की भूगोलाचे सांगायचा. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. परभणीला शेतकी शिकताना तू म्हणे वर्गात त्याच्या पुढे होतीस.

तरी तुझा भूगोल मी दोनदा वाचला. त्या देशाला बाहेरून जो पैसा येतो त्यातला मोठा हिस्सा कॉफीचा, कोट्यवधी माणसं तिच्यावर जगतात, बाया पाटीभर फळं डोक्यावर घेऊन तुमच्या केंद्रावर येतात, तुम्ही ती धुता, उंच बाजांवर वाळवता, आणि चांगला दाणा जर्मनीला-जपानला जातो. ज्यांनी पिकवला ते मात्र उरलासुरला दाणा पितात. हे वाचून मला हसू आलं. आपली मोसंबी आठव. एक नंबरचं फळ पेट्यांत भरून दिल्लीला, आणि आपल्या घरात रस निघायचा तो डागी फळांचा. दिल्लीची मोसंबी कशी लागते हे मला अजून माहीत नाही.

आता कॉफीबद्दल. मी पिणार नाही म्हटलं म्हणजे मी पिणार नाही. तुझ्या सासूला कोण सांगणार? तिनं आखितीच्या, अक्षय्यतृतीयेच्या दिवशी देवघरातली पिशवी फोडली. कल्याण मागच्या वेळी सुट्टीवर आला होता तेव्हा त्यानं ओसरीवर करून दाखवली होती ना, अगदी तश्शी. भाकरीच्या तव्यावर बिया भाजल्या, धूर नाकाशी फिरवला, खलबत्त्यात कुटल्या, त्यानंच आणलेल्या काळ्या सुरईत उकळल्या. ऊद जाळला. ताटलीत ज्वारीच्या लाह्या ठेवल्या. आणि ते बिनकानाचे तीन कप.

तिला सगळं पाठ आहे. पहिला कप कडक. मग त्याच चोथ्यात पाणी घालून दुसरा. मग परत पाणी घालून तिसरा, पातळ, आशीर्वादाचा. तिकडच्या रीतीनं पाहुणा तिसरा घेतल्याशिवाय उठत नाही, उठला तर त्याला घरचा आशीर्वाद लाभत नाही, असं कल्याणनंच सांगितलं होतं. आणि दुसरा कप संपत होता तेवढ्यात एसटी आली. तो पिशवी उचलून पळाला. द्वारका म्हणाली, "आरं, तिसरा ऱ्हायला की." तो फाटकातून ओरडला, "पुढच्या टायमाला, माय."

पुढचा टाइम आला नाही. म्हणून आता ती दुपारी, जेवणं झाली की कॉफी करते आणि तिसरा कप भरून ओसरीच्या कट्ट्यावर ठेवते. वर बशी झाकते. मग तोंड धुऊन आत पडते. उठून बघते तर कप रिकामा. मला म्हणते, "पिऊन गेला."

मांजर असेल म्हटलं. ती म्हणाली, "मांजर बशी परत झाकून ठेवतं का?"

उरलेला चोथाही ती फेकत नाही. गच्चीवर पितळी ताटात कुरडयांसारखा वाळवते, मातीच्या गाडग्यात भरते आणि वर पांढरं फडकं बांधते. ते फडकं बांधलेलं गाडगं दिसलं की मी तिथून उठतो. काहून ठेवून राह्यली म्हणून विचारलं. "पोराच्या झाडाचं हाय. उकिरड्यावर कसं टाकू?"

आणि एक गोष्ट. तुला सांगावी की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. बिया भाजल्या की धुराचा वास येतो, ते ठीक. पण कप भरला आणि वाफ निघाली की घरात आंबे बहराचा वास सुटतो. मोसंबीचा आंबे बहर, पहाटे बागेत शिरल्यावर यायचा तो. तुला माहीतच आहे, त्या दुष्काळात आपली बाग वाळली, खोडं सरपणाला गेली. आता तिथं रेशमाच्या अळ्यांसाठी तुती आहे. आसपास मोसंबीचं एक पान नाही. आणि आता जून आहे, आंबे बहराची ती फुलं येतात जानेवारीत.

तुमच्या कॉफीत असा वास असतो का, तेवढं कळव. माझं म्हातारं नाक फसलं असेल तर तसं सांग.

काकासाहेब


अंबड,
१३ जुलै

चि. शीतल हिस,

असतो म्हणतेस. तिथल्या मातीत आणि उंचीवर वाढलेल्या कॉफीला फुलांचा आणि लिंबाच्या जातीच्या फळांचा वास असतोच. तुम्हाला पहिल्यांदा चव घेऊन वास कशाचा ते लिहायला बसवलं तेव्हा सगळ्यांनी जुई लिहिली, लिंबू लिहिलं, आणि कल्याणनं लिहिलं, मोसंबीची फुलं, सकाळची. साहेब लोक हसले, मग त्यांनी परत वास घेतला आणि हसायचे थांबले. तेव्हापासून तुमच्या त्या चार डोंगरांचा माल पोत्यावर 'मोसंबी' असं नाव छापून जातो आणि इतरांपेक्षा चढा भाव घेतो.

हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. वाईट वाटलं. बाग गेली तेव्हा मी घरात मोसंबी हा शब्द काढू दिला नव्हता, म्हणून सांगितलं नसेल. माझ्या बागेचं नाव पोत्यावर बसून जर्मनीला चाललंय, आणि मी इथं अळ्यांना तुतीचा पाला घालतोय.

परवा अमृतलाल आला होता. जालन्याच्या मोंढ्याच्या बाजारात त्याची अडत आहे, माझ्याबरोबर शाळेत होता, तुझ्या लग्नात जिलबीवरून आचाऱ्याशी भांडला तो. दुपारचीच वेळ होती. द्वारकानं त्याला पहिला कप दिला. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "काकासाहेब, हा तर काढा हाय. दूध-शक्कर काही हाय का न्हाई घरात?"

मी त्याला तिकडचा भाव सांगितला, तुझ्या पत्रातला. तो एकदम सावरून बसला. मग म्हणाला, "बराबर हाय मंग. माल आगळा हाय. आपण डब्बा बनवू, मोसंबी कॉफी, जालना. पुण्याला पोरं असं उचलतात. खर्चा माझा, नाव तुझं. सूनबाईला बोल." दुसऱ्या कपापर्यंत त्याचं दुकान पुण्याहून मुंबईला पोचलं होतं.

मग दुसऱ्या कपाची वाफ निघाली आणि तो बोलता बोलता थांबला. ओसरीच्या कडेला गेला. तुतीकडे बघत उभा राहिला. "बाग तर तोडली होती ना रे तू?" म्हणाला. मी म्हटलं, हो. "मंग हा वास कुठून येऊन राह्यला?" मी म्हटलं, कपातून. तो नाही म्हणाला, कप तर त्याच्या मागे कट्ट्यावर होता आणि वास समोरून, शेतातून येत होता. मला समोरून आला नव्हता. पण अमृतलाल वासावर माल घेणारा माणूस आहे, पोत्यात हात न घालता त्याला कळतं. मी वाद घातला नाही.

परत येऊन बसला आणि तोवर कट्ट्यावर भरून ठेवलेला तिसरा कप उचलायला लागला. द्वारकानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "भाऊ, त्यो कल्याणचा हाय." त्यानं कप जसाच्या तसा ठेवला आणि टोपी घालून निघाला. डब्ब्याचं बोलणं तिथंच राहिलं. फाटकापर्यंत मी गेलो तर म्हणाला, "वहिनीला कुणाला तरी दाखव."

शीतल, आता ऐक. वहिनीला कुणाला दाखवायची गरज नाही. तो कप मी पितो.

पहिल्या दिवशी सांडून द्यायला उचलला होता. भरलेला कप संध्याकाळी तसाच दिसला असता तर ती मोडली असती, म्हणून. पण सांडताना वास आला आणि सांडवला नाही. प्यालो. बशी झाकली. दुसऱ्या दिवशीही तेच. आता ती आत पडली की मी चोरासारखा ओसरीवर जातो. कॉफी पिणार नाही असं तुला लिहिलं होतं, ते खोटं. तिसरा कप पातळ असतो, तोंडात कडू कमी आणि गोड जास्त राहतं. पोटात गेली की छातीत बाग उघडल्यासारखं होतं आणि पाच मिनिटं मी रडतो. मग डोळे पुसून आत येतो आणि ती विचारते, "आला व्हता का?" मी म्हणतो, मला काय माहीत.

हे अर्पितानं वाचलं असेल तर तिनं आईला सांगू नये. अर्पिता, हे तुला लिहिलंय.

आणि शीतल, परत विचारतो. अस्थी.

काकासाहेब


अंबड,
२१ सप्टेंबर

चि. शीतल हिस,

माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, अर्पितानं सांगितलंच असेल. जालन्याला दवाखान्यात होतो, अर्पिता उशाशी होती. द्वारकाला तुतीमुळं घर सोडता आलं नाही. अळ्या कोषावर आल्या होत्या, त्यांना एका जेवणाचाही उशीर चालत नाही.

तुला सांगतो, भूल उतरली आणि मला पहिला विचार आला तो कपाचा. आता दुपारी ती तिसरा कप ठेवील, तोंड धुवील, आत पडेल, उठून बघेल आणि कप भरलेला असेल. तिला कळेल की आजवर मी पीत होतो. किंवा तिला वाटेल की तो रुसला. दोन्हींतलं कोणतं वाईट ते मला ठरवता येईना. डॉक्टरला म्हणालो, मला घरी सोडा. तो म्हणाला, बाबा, टाके ओले आहेत.

घरी आलो तेव्हा ती ओसरीवरच होती. मला पलंगावर निजवलं, खिचडी दिली. कपाचं काही बोलेना. शेवटी मीच विचारलं, कॉफी केली होती का मी नव्हतो तेव्हा?

"केली की रोज."

आणि तिसरा कप?

"रिकामा व्हायचा."

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, तिनं पदर सारखा केला आणि माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आवं, तुमी पिता हे मला पैल्या दिसापासनं ठाऊक हाय. तुमच्या मिशीला वास येतो. मी काही बोलले न्हाई. म्हटलं, पोराच्या नावानं का होईना, दोन घोट घेऊन रडत्यात तर रडू द्या. तो गेल्यापासनं तुमी रडलेच नव्हते."

मग दवाखान्यात होतो तेव्हा कोण पीत होतं, मी विचारलं.

तिनं खिचडीची ताटली उचलली. "मला वाटलं, ते तुमाला माहीत आसंल," म्हणाली.

घरात ती एकटी होती. गडी शेतात. फाटकाला कडी. बशी रोज झाकलेली.

मला भुतंखेतं कधी दिसली नाहीत, शीतल. अमावास्येच्या रात्री मी बागेला पाणी दिलेलं आहे. पण आता दुपार झाली की मी ओसरीवर जात नाही. पलंगावरून कान देऊन ऐकतो. काल बशी कपावर टेकल्याचा आवाज आला. द्वारका माझ्या शेजारी झोपली होती, तिचा हात माझ्या हातावर होता.

त्याला जायचंय आणि जाता येत नाही. मला आता हे कळलंय आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. तुझ्या पाया पडतो असं लिहायचं वय नाही माझं, तरी तसंच समज. अस्थी घेऊन ये. राहू नको, लगेच परत जा. पण घेऊन ये.

काकासाहेब


अंबड,
५ ऑक्टोबर

शीतल,

तुझं पत्र वाचलं. अर्पितानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली होती, मी तिच्या हातातून फोन घेतला.

तर अस्थी नाहीतच. वाळवणाच्या बाजांमागं कल्याणनं जी जुनी झाडं छाटून परत उभी केली होती, त्यांच्या बुडाशी तू त्या घातल्यास. तो गेला त्या डिसेंबरातच. पावसानं त्या मातीत मुरल्या. त्याच झाडांना यंदा फळ आलं. तेच तू स्वतः तोडलंस, धुतलंस, वाळवलंस आणि आम्हाला पाठवलंस.

"मला तो जवळ हवा होता, बापू. दुसरं काही कारण नाही," असं लिहिलंयस. आणि चिठ्ठीत कल्याणच्या झाडांची असं लिहिलं होतंस, ते यापेक्षा जास्त लिहायची हिंमत झाली नाही म्हणून.

आम्ही काय प्यालो, शीतल? गेले पाच महिने त्याच्या आईनं तव्यावर काय भाजलं? खलबत्त्यात काय कुटलं?

मला आज पुढे लिहिता येत नाही. द्वारकाला मी हे सांगणार नाही. तूही सांगू नकोस.


अंबड,
१६ नोव्हेंबर

चि. शीतल हिस,

मागच्या पत्राखाली मी सही केली नव्हती. रागानं नाही, विसरलो. रागावलो होतो हे मात्र खरं. पार दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत तुझ्यावर रागावून राहिलो. पण दिवाळीत फटाके नव्हते, आकाशकंदील नव्हता, घरात आम्ही दोघंच. एवढ्या रिकाम्या घरात राग फार दिवस पुरत नाही.

राग उतरला तसं एक आठवलं. माझे वडील गेले तेव्हा मोसंबीची तोडणी चालू होती. आम्ही तोडणी थांबवली नाही. एकीकडे तिरडी बांधत होते आणि दुसरीकडे पेट्या ठोकत होते, आणि माल दिल्लीला गेला तेव्हाच मी निवांत बसून रडलो. गावात मला कोणी काही म्हणालं नाही. उलट म्हणाले, काकासाहेब खंबीर आहे. तू तेच केलंस तर मी तुला काय काय म्हणालो. तू त्या बायांना शब्द दिला होतास, कल्याणनं दिला होता, आणि झाडावर पिकलेलं फळ कुणासाठी थांबत नाही. हे मला कोणी शिकवायला नको होतं. तू बाई आहेस एवढाच काय तो फरक, आणि तो फरक मी धरून बसलो.

द्वारकाला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती कॉफी भाजायला बसली आणि मी तिच्या हातातला तवा धरला. पोळलं. मग सांगावंच लागलं. मला वाटलं होतं ती किंचाळेल, ओकेल, तुला शिव्या देईल. ती तव्यातल्या बियांकडे बघत राहिली. धूर यायला लागला तशी तिनं तवा खाली उतरवला. अर्धवट भाजलेलं जळू नये म्हणून.

"मंग तर त्यो आलाच म्हना की घरी," म्हणाली.

मी म्हणालो, द्वारका, आपण त्याला प्यालो.

"मी त्याला नऊ म्हयने पोटात ठिवला व्हता. आता ऱ्हायला तर काय झालं?" आणि मग ती उठली, माळ्यावरचं ते गाडगं खाली काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पांढरं फडकं बांधलेलं. "अस्थी अस्थी करून तुमी त्या पोरीचा जीव खाल्ला. ह्या काय हायेत मंग?"

मला तोवर हे सुचलं नव्हतं. मी मॅट्रिक झालेला माणूस आहे.

काल आम्ही शहागडला गेलो. अमृतलालनं गाडी आणली, त्याच्या मंडळी प्रेमबाई वहिनीही आल्या. घाटावरच्या भटजीनं गाडग्यात डोकावून विचारलं, हे काय? अमृतलाल म्हणाला, "अस्थी हाय. परदेशातून आल्या, म्हणून रंग काळा." भटजीनं मंत्र म्हटले. त्याला वास आला असणार, पण दक्षिणा घेतलेली होती.

शेवटच्या मूठभर बिया द्वारकानं काठावर तीन दगडांच्या चुलीवर भाजल्या. सुरई आणली होती, कप आणले होते. पहिला कप आम्ही सगळ्यांनी मिळून घेतला, अमृतलालनंही, साखर न मागता. दुसराही घेतला. तिसरा द्वारकानं हातात धरला आणि ती पाण्यात उतरली, गुडघाभर. मी तिला धरून होतो. "घे बाळा, तिसरा ऱ्हायला व्हता," म्हणाली आणि कप पाण्यात ओतला. मग मी गाडगं उपडं केलं. चोथा लगेच बुडाला नाही. पाण्यावर तपकिरी पसरला, थोडा वेळ आमच्या पायांभोवतीच घोटाळला आणि मग धार सापडली तसा निघून गेला. त्या वेळी तोच वास आला, आंबे बहराचा, एवढा की प्रेमबाई वहिनींनी नाकाला पदर लावला आणि त्या रडायला लागल्या. त्यांना तर आमची बागही नीट माहीत नव्हती.

आता आजचं सांगतो. आज दुपारी द्वारकानं परत कॉफी केली. तिनं तव्यातल्या त्या अर्धवट भाजलेल्या बिया ठेवून दिल्या होत्या. मी म्हटलं, आता कशाला? ती म्हणाली, "बघायला." पहिला, दुसरा, तिसरा. तिसरा कट्ट्यावर ठेवला, बशी झाकली. आम्ही दोघं आत पडलो. झोप कुणालाच नव्हती. आवाज आला नाही.

ऊन कलल्यावर बाहेर आलो. मीच बशी उचलली. कप भरलेला होता. वर साय धरते तसा पातळ थर आला होता आणि एक मुंगी तरंगत होती. वास काहीच नव्हता. नुसती कॉफी, थंड.

द्वारका म्हणाली, "सुटला." आणि कट्ट्यावर बसून इतकी रडली, इतकी रडली, की मी दोन वर्षांत तिला तसं बघितलं नव्हतं. मीही. सुटावा म्हणून आम्ही एवढं केलं, आणि सुटला तर घरात कोणीच नाही, शीतल. इतके दिवस निदान तिसरा कप प्यायला कोणीतरी येत होतं.

तू ये. अस्थींसाठी नाही, ते काम झालं. कॉफी आण, त्याच झाडांची. आम्हाला आता तिची भीती नाही. ओसरीवर आम्ही दोघं आणि तू, तीन कप आहेतच. तिसरा घेतल्याशिवाय मी तुला उठू देणार नाही, एसटी आली तर तिला उभी करीन.

तुमच्याकडे आता तोडणी चालू असेल हे मला माहीत आहे. ती सोडून येऊ नकोस. बायांच्या पाट्या केंद्रावर येत असतील, त्यांचं फळ वेळेवर धू, नीट वाळव, चांगला भाव घे. सगळं आटोपलं की मग निघ.

फळ थांबत नाही. आम्ही थांबू.

तुझा,
बापू